पोलीस, अग्निशमन, फॉरेन्सिक, कोर्ट: कोणतं शिक्षण कुठे चालतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बारावीचा निकाल लागला की दर वर्षी तेच प्रश्न येतात. काही मुलांचे, बरेचसे आईवडिलांचे, आणि काही अशा पोरांचे की ज्यांचं एखादं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, नुकतंच हुकलंय. मी विधी महाविद्यालयात गुन्हेगारीशास्त्र आणि पुरावा कायदा शिकवतो. तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवली आहेत. उंची, वय, गुण यांचे आकडे भरतीगणिक बदलू शकतात, तेव्हा अर्ज भरताना जाहिरात स्वतः वाचावी. मित्राने वाचलेली चालत नाही.

गुन्हेगारीशास्त्रात पदवी घेतली की पोलिसात थेट घेतात का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, म्हणून पहिला घेतला. आपल्याकडे खात्याचं दार विद्यापीठातून उघडत नाही, भरतीच्या जाहिरातीतून उघडतं. शिपायाला बारावी लागते, फौजदाराला कोणतीही पदवी चालते, आयपीएसला यूपीएससी द्यावी लागते आणि तीही कोणत्याही पदवीवर. बीकॉम झालेला आणि क्रिमिनॉलॉजीत एमए केलेला, दोघं एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांच्या हातातला गोळा तेवढ्याच वजनाचा असतो.

मग हे विषय शिकायचेच कशाला? कारण एका गुन्ह्यामागे शिपाई आणि फौजदारच नसतात. प्रयोगशाळेत व्हिसेरा, म्हणजे प्रेतातून काढलेले अवयव, तपासणारा असतो, कोर्टात खटला चालवणारा असतो, तुरुंगात कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याच्या जामिनाचे कागद जमवणारा असतो, नवीन इमारतीचा जिना धुराने भरेल का ते नकाशावर बघणारा असतो. त्या त्या जागी त्या त्या विषयाची पदवी लागतेच, तिथे ग्राउंड मारून भागत नाही. म्हणून 'कोणता कोर्स करू' हा प्रश्न उलटा आहे. आधी काम कोणतं करायचंय ते ठरवा, कोर्स त्यामागून ठरतो.

शिपाई भरतीला नेमकं काय लागतं?

बारावी पास. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर पाच सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यातून पुढे गेलात तर १०० गुणांची लेखी, म्हणजे अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. एसआरपीएफचं, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचं, ग्राउंड वेगळं, तिथे पाच किलोमीटर धावावं लागतं.

माझा अनुभव असा की पोरं ग्राउंडवर दोन वर्षं घालवतात आणि लेखीत समास आणि प्रयोगावर गुण सांडतात. मराठी आपली भाषा आहे, मग तिचा अभ्यास कशाला, असं वाटतं ना, तिथेच मेरिट जातं.

फौजदार व्हायचंय. कोणती पदवी घेऊ?

जी चांगल्या गुणांनी पूर्ण होईल ती. एमपीएससीला पदवी हवी, विषय कोणताही. पोलीस उपनिरीक्षकासाठी उंची मुलांना १६५, मुलींना १५७. निवड झाली की प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. ही संस्था जुनी आहे. १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. कायदा, तपास, कवायत, गोळीबार हे सगळं तिथे शिकवतात, अगदी पहिल्या पानापासून. तुम्ही आधी शिकून आलात की नाही याची वाट कोणी बघत नाही.

तरी एक सांगतो. कायद्याची पदवी घेऊन फौजदार झालेल्याचा पंचनामा वाचला की ते कळतं. घटनास्थळाची चतुःसीमा, मुद्देमालाचं वर्णन, सील कुठे केलं, पंच कुठले, सगळं जागच्या जागी. सुटलेल्या खटल्यांचे निकाल वाचा, आरोपी हुशार होता म्हणून सुटला असं क्वचित दिसेल. पंचनाम्यात चाकू 'लोखंडी' आणि साक्षीत 'स्टीलचा', अशा फटीतून तो सुटलेला असतो.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

चालते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळत बीए करणारे शिपाई मी पाहिलेत. बंदोबस्ताच्या व्हॅनमध्ये बसून नोट्स वाचणारे.

'फायर'चा कोर्स कुठून करावा? जाहिराती तर गल्लोगल्ली आहेत.

इथे थोडं थांबा, कारण पैसे बुडतात ते इथेच. 'फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी' असा फलक दिसला की पहिला प्रश्न एकच विचारा: हे प्रमाणपत्र महानगरपालिकेच्या भरतीत चालतं का? तोंडी उत्तरावर विश्वास ठेवू नका, एखाद्या महापालिकेची जुनी जाहिरात काढून त्यातली अर्हता स्वतः वाचा. बहुतेक ठिकाणी राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम मागितलेला दिसेल. हे केंद्र मुंबईत कलिना, सांताक्रूझला आहे आणि ते महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाखाली येतं. अधिकारी व्हायचं असेल तर उपस्थानक व अग्नि प्रतिबंधक अधिकारी हा एक वर्षाचा पाठ्यक्रम आहे. मुंबई महापालिकेने मात्र मुलं थेट भरून स्वतः तयार केल्याचीही उदाहरणं आहेत. तिथल्या चाचणीत उंचावरून जम्पिंग शीटमध्ये उडी, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन धावणं, दोरावर चढणं असले प्रकार असतात.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने जिल्ह्याच्या गावी एका खासगी संस्थेत वर्षभराचा डिप्लोमा केला. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का, इंग्रजीत चार ओळी. भरतीच्या छाननीत ते कागद बाजूला ठेवले गेले. वडिलांनी त्यासाठी बैल विकला होता.

जड वाहनाचा परवाना जमेल तेवढ्या लवकर काढा. बंब चालवायला माणूस लागतोच, आणि विमानतळावरच्या अग्निशमन सेवेतही परवान्याचं वजन असतं.

नागपूरच्या फायर कॉलेजात काय वेगळं आहे?

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. केंद्रीय गृह मंत्रालयाचं. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं, १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरातल्या दलांचे अधिकारी इथे शिकून जातात. उपअधिकाऱ्यांपासून विभागीय अधिकाऱ्यांपर्यंतचे पाठ्यक्रम इथे चालतात, आणि बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची फायर इंजिनिअरिंगची पदवीही. ही पदवी घेतलेला मुलगा फक्त महापालिकेत जातो असं नाही. तेल कंपन्या, रिफायनऱ्या, बंदरं, मोठ्या इमारतींचे सल्लागार, सगळ्यांना तो हवा असतो. विदर्भातल्या मुलांच्या दाराशी ही संस्था आहे आणि तिथलेच पालक मला पुण्या-मुंबईच्या खासगी कोर्सबद्दल विचारतात, याचं नवल वाटतं.

पाणीच तर मारायचं असतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे?

एका आजोबांनी हे विचारलं होतं, अगदी निरागसपणे. पाणी कधी मारायचं नाही हेच शिकायचं असतं, आजोबा.

पाण्याची वाफ झाली की ती साधारण सतराशे पट फुगते. पेटत्या तेलाच्या कढईत तांब्याभर पाणी ओतलं की ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि तेल उडवत वर येतं, म्हणून स्वयंपाकघरातली आग झाकण ठेवून मारायची. बंद खोलीत आग हवेअभावी दबलेली असते, दार धाडकन उघडलं की आत गेलेल्या हवेने ती तोंडावर येते. त्यामुळे दाराला आधी हाताची पाठ लावून बघायचं, मग वाकून, बाजूला उभं राहून ते उघडायचं. धुरात शिरायचं तर पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची टाकी आणि मुखवटा, लागतो. त्यातली हवा संपत आली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की हातातलं काम सोडून बाहेर यायचं. हे शेवटचं वाक्य ऐकायला सोपं आहे. पण आत कोणी ओरडत असताना ते पाळायचं कसं, त्यासाठी महिनोन्‌महिने ड्रिल करून घेतात.

आणि आधी विचारायचं असतं की पेटलंय काय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं. जवान तासन्‌तास पाणी मारत राहिले, पण गाठींच्या आतली धग विझेना. जहाज धक्क्यापासून दूर न्यायचं की तिथेच बुडवायचं याचा निर्णय कोणी वेळेत घेतला नाही. चारच्या सुमारास स्फोट झाला. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्यासाठी पाळतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीला जुन्या इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, तेही नवखे नव्हते.

अग्निशामक दलात 'वर्दी' म्हणजे अंगावरचा गणवेश नव्हे, आगीची खबर. 'वर्दी आली' म्हटलं की बंब निघतो. भरती अकॅडमीच्या भिंतीवर 'वर्दीचं स्वप्न' लिहिलेलं असतं ना, ते वाचून दलातली जुनी माणसं हसतात.

मुलींना घेतात का?

घेतात. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या पहिल्या मुलगी, साल २००२. पुढे त्या ओएनजीसीत फायर अधिकारी झाल्या. आता मुंबई दलातही महिला जवान आहेत. घरच्यांची समजूत काढणं हे ग्राउंडपेक्षा अवघड जातं, असं मुली सांगतात. पोलीस भरतीचे अर्ज तृतीयपंथीयांनाही भरता येतात, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ च्या डिसेंबरात ती सोय झाली.

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर आणि फायरमन एकच का?

नाही. कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावाच लागायचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू झाली आणि ही मर्यादा पाचशेवर आली. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा हवा. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथला एक वर्षाचा डिप्लोमा सगळीकडे ओळखतात. डिप्लोमा किंवा पदवी झालेला इंजिनिअर मुलगा असेल तर चाकण, तळोजा, बुटीबोरीला याला मागणी आहे.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ मुळे इमारतींना आपली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. सोसायटीच्या जिन्यातला लाल पाइप आणि कुलूपबंद पेटी कोणीतरी खरंच तपासायला हवी. ते काम करणारी प्रामाणिक माणसं कमी आहेत, म्हणजे जागा आहेत.

मुलगी फॉरेन्सिकचा फार हट्ट करतेय. मालिका बघून आलंय हे खूळ. खरं काम काय असतं?

मालिकेत एकच माणूस प्रेत बघतो, रक्त तपासतो, संगणक फोडतो आणि शेवटी आरोपीच्या कानाखाली वाजवतो. खऱ्या प्रयोगशाळेत कामाचे वेगवेगळे विभाग असतात, आणि कानाखाली वाजवण्याचा विभाग नसतो. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय करतं. मुख्य प्रयोगशाळा कलिन्याला, प्रादेशिक नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूरला. विषशास्त्र, रक्त आणि डीएनए, बॅलिस्टिक्स (बंदुका आणि गोळ्यांची तपासणी), सायबर असे विभाग. दिवसभर बाटल्या, लेबलं, सीलचे ठसे, नोंदवह्या. तिथून निघणाऱ्या अहवालाला कोर्टात अजूनही 'सीए रिपोर्ट' (केमिकल अॅनालायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात, आणि तो वेळेत आला नाही म्हणून तारखेवर तारीख पडते.

कंटाळवाणं वाटलं? मग नको. शांतपणे तीच चाचणी शंभरदा करणारी मुलगी असेल तर मात्र तिला अडवू नका. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी फौजदारांचा मोठा वाटा होता, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं. ही विद्या आपल्याला परकी नाही.

फॉरेन्सिकची पदवी घ्यावी की साधं बीएस्सी केमिस्ट्री?

नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, तिथे प्रवेश मिळाला तर जरूर घ्या. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं. त्याचा एक परिसर गोव्यात फोंड्याजवळ आहे, कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या मुलांना तो जवळ पडतो. पण कुठल्यातरी खासगी महाविद्यालयात भरमसाट फी भरून फॉरेन्सिक करण्यापेक्षा गावाजवळच्या चांगल्या कॉलेजात केमिस्ट्री करावी आणि एमएस्सीला फॉरेन्सिककडे वळावं, असं माझं मत आहे. केमिस्ट्रीवाल्याला औषध कंपनी तरी असते. नुसत्या फॉरेन्सिकवाल्याला सरकारी जागा सुटेपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

नव्या कायद्यांमुळे जुनी पुस्तकं फेकून द्यायची का?

कपाटात ठेवा, पण त्यावरून पाठांतर करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. भारतीय दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम आहे, तेव्हा पेपरात सवयीने लिहाल तर फसाल. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय, पण गावात कोणी कोणाला 'तीनशेअठरा' म्हणेल असं दिसत नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, म्हणून दोन्ही यावी लागतील.

फॉरेन्सिकवाल्यांसाठी महत्त्वाचं: सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, असं सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. एवढी माणसं लागणार आहेत हे उघड आहे, ती किती लवकर भरतील हे सरकारच्या वेगावर.

सरकारी वकील आणि न्यायाधीश होण्याची वाट कोणती?

बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. प्रवेश राज्याच्या सीईटीतून, तिचा पेपर मराठीतही असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा मात्र इंग्रजीत, आणि महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीतून होता येतं, त्याआधी काही वर्षांची वकिली लागते. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला किमान सात वर्षं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायचं असेल तर तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये परत आणली. कॉलेजातून थेट डायसवर बसण्याचे दिवस संपले. मला व्यक्तिशः हे बरं वाटलं. ज्याने कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदार फितूर होताना पाहिला नाही, त्याने साक्ष तोलायची कशी?

मराठी माध्यमाची भीती सोडा. तालुक्याच्या कोर्टात फिर्याद, पंचनामा, जबाब सगळं मराठीत असतं. शहरातून शिकून आलेल्या वकिलाला जबाबातलं 'बांध', 'चाळी', 'भाऊबंदकी' समजावून सांगावं लागतं, तुम्हाला लागणार नाही.

मला गुन्हेगार पकडायचे नाहीत, त्यांच्याबरोबर काम करायचंय. असं काही असतं?

असतं, आणि हा प्रश्न वर्षातून एकदाच येतो. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी साधारण तीन कैदी कच्चे असतात, म्हणजे खटला चालू आहे, दोष सिद्ध नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत बसलेली माणसं त्यात असतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेगारी आणि न्याय या विषयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांत काम करतो. बाकी एमएसडब्ल्यू करून परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), बालगृह, विधी सेवा प्राधिकरण अशा जागा असतात. तुरुंगाधिकारी व्हायचं असेल तर ती वेगळी भरती, प्रशिक्षण येरवड्याला. पगार फार नसतो आणि घरी काय काम करतो हे सांगताना जरा अडखळायला होतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

परदेशात 'क्रिमिनल जस्टिस' शिकून तिथेच पोलीस होता येईल का?

शिकता येईल. अमेरिकेत हा विषय शेकडो कॉलेजांत आहे, फायर सायन्सच्या दोन वर्षांच्या पदव्याही आहेत, आणि तिथे भरतीत त्यांचा उपयोग होतो. पण तिथल्या बहुतेक पोलीस खात्यांना नागरिकत्व हवं, काही राज्यांनीच ते शिथिल केलंय. कॅनडाच्या आरसीएमपीला (तिथलं राष्ट्रीय पोलीस दल) नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही, एजंट हे सांगत नाही. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत वाढलेल्या मराठी मुलांची गोष्ट वेगळी, त्यांना ही वाट सरळ आहे. परत येऊन इथे उपयोग करायचा असेल तर समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागेल, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचावं लागेल.

दोन भरत्या झाल्या, दोन्हींत चार-पाच गुणांनी गेलो. आता?

वय किती आणि पदवी झाली का, हे दोन सांगा. पदवी नसेल तर आजच मुक्त विद्यापीठात नाव घाला, सराव चालू ठेवून होते. पदवी असेल तर एलएलबीची सीईटी द्या, सकाळचं कॉलेज आणि संध्याकाळचं ग्राउंड जमतं. अकॅडमीत राहून फक्त पुढच्या जागा कधी सुटतील याची वाट बघत चौथं वर्ष घालवू नका. माझ्या वर्गात आज असे सहा जण आहेत. पुरावा कायद्यात ते सगळ्यांच्या पुढे आहेत, आणि शेवटच्या बाकावर बसून पायाला बॅंडेज बांधतात.

कागदपत्रं कधी काढायची?

जाहिरात येण्याआधी. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर. शेवटच्या दोघांना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपते, ती तारीख बघा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत आणि आधारवर एकच आहे का ते आज संध्याकाळी ताडून पाहा. 'पाटील'च्या स्पेलिंगमधला एक आय कमी-जास्त झाला म्हणून गॅझेट करत बसलेला मुलगा माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याचं ग्राउंड पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होतं.